कमी मतांत विजय, जास्त मतांत पराभव : बार्किंग-डॅगनम, २००४ ते २०१०

जून २००९. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत इंग्लंडच्या वायव्य विभागातून ब्रिटिश नॅशनल पार्टी, म्हणजे बीएनपी, या अतिउजव्या पक्षाचे अध्यक्ष निक ग्रिफिन निवडून आले. दोन दिवसांनी लंडनमध्ये संसदेसमोर ते पत्रकारांशी बोलायला उभे राहिले, तर निदर्शकांनी त्यांच्यावर अंडी फेकली. ते फोटो सगळीकडे झळकले. त्या गदारोळात एक आकडा मात्र बाजूलाच पडला. २००४ मध्ये याच विभागात बीएनपीला १,३४,९५९ मतं होती आणि जागा शून्य. २००९ मध्ये मतं १,३२,०९४. जवळजवळ तीन हजार मतं घटली आणि पदरात खासदारकी पडली! शेजारच्या यॉर्कशायर-हंबर विभागातही हेच घडलं. तिथे पक्षाची मतं सहा हजारांहून जास्त घसरली, तरी अँड्र्यू ब्रॉन्स निवडून आले.

हे झालं कसं? २००४ मध्ये या विभागांत संपूर्ण मतदान टपालानं घेण्याचा प्रयोग झाला होता. मतपत्रिका घरपोच आल्यामुळे मतदानाचा टक्का चाळिशीपार गेला होता. २००९ मध्ये पुन्हा केंद्रावर जाऊन मत द्यायचं होतं आणि वायव्य विभागात टक्का तिशीच्या थोडा वर येऊन थांबला. त्यात नेमक्या त्याच वसंतात खासदारांच्या खर्चाची बिलं वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणली होती. मजूर पक्षाचा मतदार वैतागून घरी बसला. प्रमाणशीर पद्धतीत एकूण मतं आटली की तेवढ्याच मतांचा वाटा आपोआप फुगतो. ग्रिफिन यांचा वाटा ६.४ वरून ८ टक्क्यांवर गेला आणि आठपैकी शेवटची जागा त्यांना मिळाली.

अकरा महिन्यांनी, ६ मे २०१० रोजी, हेच ग्रिफिन पूर्व लंडनमधल्या बार्किंग मतदारसंघात उभे राहिले आणि सपाटून पडले. त्याच दिवशी बार्किंग-डॅगनम कौन्सिलमधले बीएनपीचे बाराच्या बारा नगरसेवक गेले. आणि इथेही मतांचा आकडा सरळ नाही. २००५ मध्ये बार्किंगमध्ये बीएनपीला ४,९१६ मतं होती, २०१० मध्ये ग्रिफिन यांना ६,६२० मिळाली. मधल्या काळात मतदारसंघाच्या सीमा बदलून तो मोठा झाला होता, त्यामुळे हे दोन आकडे तंतोतंत तोलता येत नाहीत. पण अतिउजव्यांची मतं वितळून गेली, असं काही त्यातून दिसत नाही.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘द्वेषावर प्रेमाचा विजय’ या थाटात सांगितलं जातं. मला ते तसं सांगवत नाही. जे घडलं ते त्याहून रूक्ष होतं, आणि माझ्या मते त्याहून शिकण्यासारखं.

आधी जागा समजून घेऊ. पहिल्या महायुद्धानंतर लंडन काउंटी कौन्सिलनं पूर्वेकडच्या शेतजमिनीवर बेकनट्री नावाची वसाहत बांधली. १९२१ ते १९३५ या काळात सुमारे २७,००० घरं. कौन्सिलच्या भाड्याच्या घरांची एवढी मोठी वसाहत तेव्हा जगात दुसरी नव्हती. ईस्ट एंडच्या कोंदट चाळवजा घरांतून कामगार कुटुंबं इथे आली. पुढे बाग, मागे परसू, घरात बाथरूम. १९३१ मध्ये शेजारीच फोर्डचा कारखाना सुरू झाला. १९५०च्या दशकात तिथे सुमारे चाळीस हजार लोक कामाला होते. १९६८ मध्ये याच कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी समान पगारासाठी संप केला आणि त्यातून १९७०चा समान वेतन कायदा आला. थोडक्यात, बाप फोर्डमध्ये, मुलगा फोर्डमध्ये, घर कौन्सिलचं, मत मजूर पक्षाला. तीन पिढ्या हेच.

मग दोन्ही खांब खचले. २००२ मध्ये डॅगनमला गाड्यांची जुळणी बंद झाली. इंजिनं बनत राहिली, पण माणसं मूठभर उरली. घरांचं त्याआधीच सुरू झालं होतं. १९८०च्या कायद्यानं भाडेकरूला राहतं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. अनेकांनी घेतलं, काही वर्षांनी विकलं आणि लंडनला लागून असलेल्या एसेक्समध्ये गेले. विकलेल्या घरांच्या जागी नवी घरं बांधणं जवळपास थांबलं. लंडनमध्ये घरं सगळ्यांत स्वस्त याच भागात असल्यामुळे विकलेली घरं भाड्यानं देणाऱ्या मालकांच्या हातात गेली. शहराच्या आतल्या भागातलं भाडं न झेपणारी कुटुंबं तिथे राहायला आली. त्यांत आफ्रिकेतून आलेली बरीच होती. २००१च्या जनगणनेत ‘श्वेतवर्णीय ब्रिटिश’ ही नोंद करणारे सुमारे ८१ टक्के होते, २०११ मध्ये ते निम्म्याच्या किंचित खाली आले. दहा वर्षांत एवढा बदल इंग्लंडमध्ये फार थोड्या ठिकाणी झाला.

आता एका गल्लीत उभे राहू. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, सगळी सारख्या घाटाची, कारण मूळची सगळी एकाच कौन्सिलनं बांधलेली. यातलं कोणतं अजून कौन्सिलचं, कोणतं विकलं गेलं, कोणतं विकून पुन्हा भाड्यानं दिलंय, बाहेरून काही कळत नाही. समोरच्या घरात राहणाऱ्या बाईचा मुलगा तिशीचा झालाय, बायको-पोरासह तिच्याच घरात राहतोय आणि कौन्सिलच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं आहे. शेजारच्या घरापुढे एक दिवस व्हॅन थांबते, नायजेरियन कुटुंब उतरतं. ते खासगी मालकाला बाजारभावानं भाडं मोजणार आहे. पण त्या बाईच्या लेखी ते घर कौन्सिलचंच. तिच्या आईच्या वेळीही ते कौन्सिलचंच होतं. मग तिला वाटतं, माझ्या पोराला नाही आणि यांना दिलं.

बीएनपीनं नेमकं याच जागी बोट ठेवलं. २००६च्या निवडणुकीआधी त्यांनी पत्रक काढलं : ‘आफ्रिकन्स फॉर एसेक्स’ नावाची एक छुपी योजना आहे आणि त्यात आफ्रिकन कुटुंबांना इथे घर घ्यायला ५०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळतं. अशी कोणतीही योजना नव्हती. कौन्सिलनं खुलासा केला, वर्तमानपत्रांनीही खोटेपणा दाखवला. फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण खुलासा पत्रकाला होता, व्हॅनला नव्हता. अफवा खोडायला निघालेले लोक ही चूक फार वेळा करतात. ऐकणाऱ्यानं जे डोळ्यांनी पाहिलंय त्याचा उलगडा करायचा सोडून ते आकडा चुकीचा आहे एवढंच सांगत बसतात.

बीएनपीचा शिरकाव २००४च्या सप्टेंबरमध्ये झाला. गोर्सब्रूक वॉर्डात पोटनिवडणूक होती आणि बीएनपीचा उमेदवार निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकला. लंडनमध्ये १९९३ नंतर या पक्षाचा हा पहिलाच नगरसेवक. त्यानं काही महिन्यांत राजीनामा दिला आणि जागा पुन्हा मजूर पक्षाकडे आली. सगळे निर्धास्त झाले. खरं तर त्याच सुमारास, २००५च्या संसदीय निवडणुकीत, बार्किंगमध्ये बीएनपीचे रिचर्ड बार्नब्रुक यांना १६.९ टक्के मतं पडली, तेव्हा घंटा वाजायला हवी होती. मे २००६ मध्ये कौन्सिलच्या ५१ जागांसाठी बीएनपीनं जेमतेम १३ उमेदवार दिले आणि त्यातले १२ निवडून आले. एका फटक्यात तो कौन्सिलातला प्रमुख विरोधी पक्ष झाला. जास्त उमेदवार दिले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा मजूर पक्षाच्या लोकांची झोप उडवत होता. मतदानाचा टक्का चाळीसच्या आत होता, हेही लक्षात ठेवू.

बार्किंगच्या तेव्हाच्या मजूर पक्षाच्या खासदार मार्गरेट हॉज यांच्याबद्दल इथे थांबून बोलायला हवं, कारण या प्रकरणात त्या दोन्ही बाजूंना दिसतात. २००६च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी मुलाखतीत सांगितलं की माझ्या मतदारसंघातल्या दहापैकी आठ गोऱ्या कुटुंबांना बीएनपीला मत द्यावंसं वाटतंय. त्यांच्याच पक्षात आणि कामगार संघटनांत संताप उसळला. तुम्ही फुकटात त्यांची जाहिरात केलीत, राजीनामा द्या, इथपर्यंत मजल गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी लेख लिहून म्हटलं की घरवाटपात जुन्या रहिवाशांच्या हक्काच्या भावनेला वजन मिळावं. त्यावरही, ही तर बीएनपीचीच भाषा, अशी टीका झाली. माझ्या मते पहिलं विधान अवेळी होतं आणि दुसरं चुकीचं, कारण त्यात घरांची टंचाई बाजूला राहून रांगेत कोण पुढे हाच वाद उरतो. हॉज स्वतः इजिप्तमध्ये जन्मलेल्या ज्यू निर्वासित कुटुंबातल्या, हा तपशील त्यांच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनी आपापल्या सोयीनं वापरला.

पण पुढच्या चार वर्षांत त्यांनी जे केलं ते वेगळं. मतदारांना पत्र पाठवून जवळच्या हॉलमध्ये चहा-कॉफीला बोलवायचं. भाषण नाही, व्यासपीठ नाही. टेबलाभोवती बसायचं आणि विचारायचं, तुमचं काय चाललंय? बीएनपीचं नावही काढायचं नाही. लोक बोलायचे ते कचऱ्याबद्दल, पार्किंगबद्दल, रात्री कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांबद्दल. मग त्यातलं होण्याजोगं काम करायचं आणि झालं की तसं पत्रानं कळवायचं. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटतं. पण ज्या भागात मजूर पक्षाला इतकी वर्षं कुणी आव्हानच दिलं नव्हतं, तिथे पक्षाचा माणूस दारात येणंच बंद झालं होतं. पोकळी होती ती तिथे. बीएनपीचे कार्यकर्ते दारात जात होते, नाव विचारत होते, तक्रार लिहून घेत होते. त्यांचं राजकारण विखारी, पण मेहनत खरी होती. हे मान्य केल्याशिवाय त्यांना तोंड देता येत नाही. मजूर पक्षानं आपलेही बरेच सुस्तावलेले नगरसेवक बदलले. ते काम पत्रकं वाटण्याहून कितीतरी कटकटीचं.

दुसरी फळी पक्षाबाहेरची. ‘सर्चलाइट’ हे फॅसिझमविरोधी मासिक १९७५ पासून अतिउजव्या गटांच्या आतल्या बातम्या काढत आलेलं. त्याच्या लोकांनी २००४ मध्ये ‘होप नॉट हेट’ ही मोहीम सुरू केली. निक लोल्स हे तिचे प्रमुख. बार्किंगमध्ये सॅम टॅरी संघटक होते, जे पुढे खासदार झाले. फॅसिझमविरोधी चळवळीत तेव्हा दोन तऱ्हा होत्या. एक म्हणायची, हे नाझी आहेत हे ओरडून सांगा, त्यांना रस्त्यावर अडवा. दुसरी म्हणायची, ‘नाझी’ शब्दानं आपल्याच लोकांना स्फुरण चढतं, डॅगनमच्या पेन्शनर बाईला तो शब्द तिच्या शेजाऱ्यावरची शिवी वाटतो. ज्या पिढीच्या घरातली माणसं हिटलरशी लढली, तिला नाझी म्हणणं म्हणजे दार बंद करून घेणं. होप नॉट हेटनं दुसरी वाट धरली.

कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं इंगित तिथेच आहे. मतदारयादी घ्यायची आणि तिचे तुकडे पाडायचे. पक्के बीएनपीवाले सोडून द्यायचे, त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवायची नाही. लक्ष द्यायचं ते बीएनपी नको असलेल्या पण मतदानाला न जाणाऱ्यांकडे : बायका, पेन्शनर, आफ्रिकन आणि आशियाई कुटुंबं, तरुण. प्रत्येकासाठी पत्र वेगळं. वॉर्डागणिक स्थानिक वृत्तपत्रासारखा दिसणारा अंक वेगळा, त्यात त्या वॉर्डाच्या बीएनपी नगरसेवकानं काय केलं आणि काय केलं नाही. चर्चमध्ये रविवारी जाऊन नावनोंदणीचे अर्ज भरून घ्यायचे. २००८च्या ओबामा मोहिमेचं ऑनलाइन काम करणाऱ्या ‘ब्लू स्टेट डिजिटल’ कंपनीची मदत घेऊन देशभरातून ईमेलवर स्वयंसेवक आणि छोट्या देणग्या गोळा करायच्या. ग्रिफिन २००९ मध्ये जिंकले त्या धक्क्यानं या यादीत भरभरून नावं आली होती. शनिवार-रविवारी शेकडो माणसं ट्रेननं बार्किंगला उतरायची, रस्त्यांच्या नकाशाचा तुकडा आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन पांगायची. इंग्लंडमधल्या दारांना पत्राची फट असते, तिच्या आत वारा अडवायला कडक ब्रश असतो आणि कधी ब्रशमागे कुत्रा. बोटं सोलपटून निघतात. म्हणून मुरलेले कार्यकर्ते खिशात लाकडी कालथा ठेवतात आणि पत्रक त्यानं आत ढकलतात. फॅसिझमविरोधी लढ्याचं चित्र काढायचं तर मी तो कालथा काढीन.

बाहेरून आलेल्यांचा एक धोका असतो. बार्किंगच्या माणसाला शहाणपण शिकवायला मध्य लंडनमधून पाहुणे आलेत, असं वाटलं की खेळ खलास. म्हणून दारात बोलायला शक्यतो स्थानिक माणूस आणि बाहेरच्यांच्या हातात पत्रकं, अशी वाटणी शहाणपणाची. गायक बिली ब्रॅग या बाबतीत उपयोगी पडले. ते बार्किंगमध्येच जन्मलेले. रस्त्यात त्यांची आणि बार्नब्रुक यांची जुंपली, त्यात ‘तू कोण इथला?’ हा प्रश्न ब्रॅग यांना कुणी विचारू शकत नव्हतं.

समोरच्या बाजूनंही मदत केली, हे विसरून चालणार नाही. बार्नब्रुक २००८ मध्ये लंडन असेंब्लीवर निवडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी एका व्हिडिओत आपल्या भागात न झालेल्या खुनांची बातमी दिली. चौकशी होऊन २००९ मध्ये ते महिनाभरासाठी निलंबित झाले. पक्षाच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्यांना होतं. समानता आयोगानं कोर्टात खेचल्यावर २०१०च्या फेब्रुवारीत ती बदलावी लागली. एप्रिलमध्ये प्रचाराच्या फिल्ममध्ये मार्माइट या पावाला लावायच्या पदार्थाची बरणी दाखवली म्हणून ती बनवणाऱ्या युनिलिव्हरनं कायदेशीर कारवाई केली. मतदानाच्या तोंडावर पक्षाची वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसानंच ती बंद करून नेत्यांवर आरोप केले. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी बार्किंगच्या रस्त्यावर त्यांचा एक नगरसेवक आशियाई तरुणांशी हाणामारी करताना कॅमेऱ्यात सापडला. मोहिमेच्या यशाचं माप काढताना यातलं किती वजा करायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी बरंच वजा करतो.

निकाल. हॉज यांना २४,६२८ मतं, ५४.३ टक्के. ग्रिफिन १४.६ टक्क्यांवर, तिसरे. कौन्सिलमध्ये मजूर पक्ष ५१ पैकी ५१. शेजारच्या डॅगनम-रेनममध्ये मजूर पक्षाचे खासदार जॉन क्रडास टिकले आणि बीएनपीला ११ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. देशभरात त्या दिवशी बीएनपीला सुमारे ५ लाख ६४ हजार मतं होती, २००५च्या जवळपास तिप्पट. उमेदवारही तेवढेच वाढलेले होते म्हणा.

म्हणजे मतं फिरली नव्हती, मतदार वाढले होते. २००६ मध्ये चाळीसच्या आत असलेला टक्का २०१० मध्ये साठीच्या घरात गेला. याचं मोठं कारण तर सोपं आहे : त्या दिवशी कौन्सिल आणि संसद, दोन्हींचं मतदान एकत्र होतं. संसदेसाठी लोक येतात, कौन्सिलसाठी येत नाहीत. शिवाय प्रत्येक वॉर्डात तीन नगरसेवक आणि मतदाराला तीन मतं. या पद्धतीत पहिला आलेला पक्ष बहुधा तिन्ही जागा उचलतो आणि दुसऱ्याच्या पदरी, चांगली मतं पडूनही, भोपळा येतो. २००६ मध्ये या गणितानं बीएनपीला बारा जागा दिल्या, २०१० मध्ये त्याच गणितानं त्या काढून घेतल्या. वायव्य विभागात कमी मतांत आलेला विजय आणि बार्किंगमध्ये तुलनेनं जास्त मतांत झालेला पराभव, दोन्हींमागे बीएनपीचा मतदार नव्हताच. जो आला किंवा आला नाही तो दुसराच माणूस होता.

मोहिमेनं हे ओळखलं, यात तिचं खरं कर्तृत्व. एकत्र मतदान हे तिच्या हातात नव्हतं, पण तो दिवस कामी कसा आणायचा हे होतं. आणि याच निवडीची दुसरी बाजूही आहे. पक्के बीएनपीवाले सोडून द्यायचे ठरवलं, म्हणजे ते होते तिथेच राहिले. त्यांच्या दारात चहाच्या बैठका पोचल्या असतील तेवढ्याच. घर, काम, प्रतीक्षायादी यांतलं मूळ दुखणं एका निवडणुकीच्या प्रचारात सुटणारं नव्हतंच.

बीएनपी त्यानंतर सावरली नाही. २०१४ मध्ये ग्रिफिन यांची खासदारकी गेली, वायव्य विभागात पक्ष दोन टक्क्यांच्याही खाली आला आणि त्याच वर्षी पक्षानं त्यांना काढून टाकलं. २०१५ मध्ये डॅगनम-रेनममध्ये, ब्रिटननं युरोपीय संघ सोडावा म्हणणाऱ्या यूकेआयपी या पक्षाला जवळपास ३० टक्के मतं मिळाली. तो पक्ष बीएनपी नव्हे, दोघांना एकाच मापानं मोजणं चुकीचं ठरेल, पण मतदानाच्या रात्री बऱ्याच रस्त्यांची नावं ओळखीची वाटली असतील. २०१६च्या सार्वमतात बार्किंग-डॅगनमनं ६२.४ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, लंडनच्या एकंदर कौलाच्या बरोबर उलट. डिसेंबर २०१९ मध्ये क्रडास २९३ मतांनी वाचले. त्याआधी सुमारे दीड वर्ष, मे २०१८ मध्ये, कौन्सिलची निवडणूक झाली होती. मजूर पक्ष : ५१ पैकी ५१.